'द विचर ३'मधील ग्वेंट: हातातली पाने राखून डाव कसा जिंकावा

सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीच्या २०१५ सालच्या 'द विचर ३: वाइल्ड हंट' या गेममध्ये राक्षसांची शिकार हा नायक गेराल्टचा पेशा असला, तरी त्याची मानसकन्या सिरी हिचा शोध बाजूला ठेवून खानावळीत पत्ते कुटत बसणारे खेळाडू काही कमी नाहीत. त्या पत्त्यांच्या खेळाचे नाव ग्वेंट. २०१८ मध्ये स्वतंत्रपणे आलेल्या ग्वेंटचे नियम वेगळे आहेत. येथील विवेचन मूळ गेममधल्या ग्वेंटपुरतेच आहे.

गेमच्या सुरुवातीच्या व्हाइट ऑर्चर्ड या गावाच्या खानावळीतील विद्वानाकडून खेळ शिकून घ्यावा आणि ते गाव सोडण्यापूर्वीच खानावळीच्या मालकिणीकडील पाने विकत घ्यावीत. संचात किमान २२ योद्ध्यांची पाने लागतात. हा आकडा शक्यतो ओलांडू नये, कारण दुबळी पाने वाढली की नेमकी हवी ती पाने हाती येत नाहीत.

डाव तीन फेऱ्यांचा असतो; मांडलेल्या पानांवरील आकड्यांची बेरीज ज्याची जास्त, त्याची फेरी, आणि दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो. सुरुवातीला १० पाने मिळतात, त्यांपैकी दोन बदलता येतात. मात्र रमीप्रमाणे दर पाळीला नवे पान उचलायचे नसते. त्यामुळे मोठ्या आकड्यापेक्षा हातात उरलेल्या पानांची संख्या अधिक मोलाची ठरते. नवशिका खेळाडू पहिली फेरी जिंकण्याच्या ईर्ष्येने सारा दारूगोळा तिथेच उडवतो आणि पुढे रिकाम्या हाताने बसतो. त्याऐवजी प्रतिस्पर्ध्याला पाने खर्च करू द्यावीत, वेळीच पास म्हणावे, म्हणजे त्या फेरीत आणखी पाने न टाकता थांबावे, आणि ती फेरी खुशाल गमवावी.

पाने वाढवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे हेर. हेराचे पान प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला ठेवावे लागते, त्याचे गुणही त्यालाच मिळतात, पण त्या बदल्यात आपल्याला दोन नवी पाने मिळतात. थेलर या हेराचा आकडा अवघा १ असल्याने हा सौदा जवळजवळ फुकटच पडतो. प्रतिस्पर्ध्याने आपल्याकडे हेर पाठवला, तर डिकॉय (आपल्या बाजूचे पान परत हातात घेऊ देणारे पान) टाकून तो उचलावा आणि त्याच्यावरच उलटवावा. ग्वेंटमध्ये याहून गोड सूड नाही.

अखेरच्या फेरीसाठी ब्लू स्ट्राइप्स कमांडो ही योद्ध्यांची पाने राखून ठेवावीत. एकट्या कमांडोचा आकडा ४ असतो; तिघे एका रांगेत आले की प्रत्येकाचा १२ होतो आणि एकूण ३६ गुण मिळतात. हवामानाच्या पानाने मात्र त्या रांगेतील प्रत्येक साध्या योद्ध्याचा मूळ आकडा १ वर येतो आणि स्कॉर्च हे पान सर्वांत बलवान साधी पाने (म्हणजे वीर नसलेली) जाळून टाकते, म्हणून ही त्रयी प्रतिस्पर्ध्याचा हात रिता झाल्यावरच उतरवावी. गेराल्ट, सिरी यांसारख्या वीरांच्या पानांवर या दोन्हींचा परिणाम होत नाही.

सगळी पाने जमवायची असतील, तर ट्रिस या चेटकिणीबरोबर वेगलबडांच्या हवेलीतील मुखवटा-मेजवानीला गेल्यावर तिथली ग्वेंटची स्पर्धा चुकवू नये. ही मेजवानी पुन्हा होत नाही, म्हणून निघण्यापूर्वी गेम वेगळा सेव्ह करून ठेवावा.