छंदासाठी लिथियम सेल: खरेदी आणि वाहतूक
१८६५० आकाराचा (सुमारे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबीचा, नळकांड्यासारखा) लिथियम सेल विकत घेताना प्रथम त्यावर छापलेली क्षमता पाहावी. ती ५००० मिलिअँपिअर-तास किंवा त्याहून अधिक असेल, तर माल बनावट समजून सरळ नाकारावा. चांगल्या सेलचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल मी तरी नवशिक्यांना सुचवणार नाही.

वाहतुकीत मुख्य धोका शॉर्टसर्किटचा असतो. सेलचा संपूर्ण धातूचा डबा ऋण ध्रुव असतो आणि धन टोकाच्या कडेपाशी तो केवळ पातळ प्लास्टिकच्या वेष्टनाने झाकलेला असतो, त्यामुळे तेथे वेष्टन फाटले असल्यास नवे चढवल्याशिवाय सेल सोबत नेऊ नये. प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत वेगळा ठेवावा. किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात कधीही टाकू नये. विमानप्रवासात सुटे सेल चेक-इन सामानात चालत नाहीत, ते हातातील सामानातच न्यावेत. चेपलेला किंवा गळणारा सेल मात्र विमानात मुळीच नेऊ नये.