खोकलं, शिंकलं की लघवी सुटते? ऑपरेशनच्या आधी काय काय करता येतं

गेल्या उन्हाळ्यात चटणी कांडायला डंकावर गेले होते, साताऱ्यातच, आमची दरवर्षीची जागा. मिरचीचा खकाणा उठला, बसलेल्या सगळ्याच बाया शिंकायला लागल्या आणि चौथ्या का पाचव्या शिंकेला माझा परकर ओला. डबा मांडीवर धरून तशीच बसले, म्हणलं आता उठायचं कसं. घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणतात, "अगं दोन बाळंतपणं झाली की व्हायचंच असं, मी तर लग्नाला जाताना जादा परकर पिशवीत टाकूनच निघते." त्यांचं दहा वर्षं हे चाललंय आणि एका घरात राहून मला पत्ता नाही.

तर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टकडून जे कळलं आणि स्वतः करताना जे चुकलं ते लिहिते.

आधी आपली गळती कुठली ते ओळखा. खोकताना, शिंकताना, हसताना, कळशी किंवा चाऱ्याचा भारा उचलताना, अजिंक्यतारा उतरताना थेंब सुटत असतील तर ती स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स. इथला स्ट्रेस म्हणजे टेन्शन नव्हे, पोटाचा दाब. दाब लघवीच्या पिशवीवर येतो आणि तिचं तोंड घट्ट मिटून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात, बाळंतपणानं, पाळी गेल्यावर, वजनानं, वर्षानुवर्षं कुंथल्यानं. दुसरा प्रकार म्हणजे अचानक जोराची कळ येते आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आतच होऊन जातं. त्याच्यावर गोळ्या असतात, पण त्या गोळ्या खोकल्याच्या गळतीला लागू पडत नाहीत, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका. पुष्कळ जणींना दोन्ही असतं. तीन दिवस एका कागदावर लिहा, किती वाजता काय प्यायलं, कधी गेलात, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होता.

आता मेन गोष्ट, व्यायाम. यालाच केगल म्हणतात, अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ मध्ये यावर लिहिलं तेव्हापासून. ऐकलेलं सगळ्यांनी असतं, पण बरोबर करणाऱ्या कमी. मी स्वतः पहिला महिनाभर नुसतं पोट आत ओढत आणि कुल्ले आवळत बसले, वर दम रोखून, फरक शून्य. मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी एका वाक्यात समजावलं: चार माणसांत बसलोय आणि गॅस सरायची वेळ आली तर कसं रोखतो, तसं मागून आवळायचं, आणि ते आवळणं तसंच पुढं लघवीच्या जागेपर्यंत आणायचं, वर उचलल्यासारखं. एक हात पोटावर ठेवा. पोट कडक झालं, मांड्या आवळल्या किंवा श्वास अडकला तर चुकतंय. खाली जोर लागत असेल, संडासला कुंथल्यासारखा, तर एकदम उलटं चाललंय, लगेच थांबा.

सुरुवात आडवं पडून, गुडघे वाकवून. आवळून तीन-चार सेकंद धरा, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा, सैल सोडणंपण तितकंच महत्त्वाचं आहे बरं का. असं निदान ८ वेळा, दिवसातनं ३ वेळा. हळूहळू १० सेकंदांपर्यंत न्या, शेवटी पाच-सहा वेळा पटकन आवळा-सोडा. जमायला लागलं की बसून, मग उभ्यानं, कारण शिंक काय आपण आडवं पडायची वाट बघत नाही. मी वेळा बांधून घेतल्यात, सकाळी चहा उकळेपर्यंत, दुपारी भाजी निवडताना, रात्री पडल्यावर.

लघवी करताना मधेच धार थांबवून रोज सराव करायचा असं काही जणी सांगतात, ते करू नका, पिशवी नीट रिकामी व्हायची सवय बिघडते. आणि पंधरा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका, डॉक्टर निदान ३ महिने करायला सांगतात ते खरंच आहे, मला सातव्या-आठव्या आठवड्यात पहिल्यांदा फरक कळला. कुठला स्नायू तेच सापडत नसेल तर लाजू नका, फिजिओथेरपिस्ट आतून तपासून सांगतात. काही ठिकाणी मशीनवर आपलं आवळणं दिसतं, ते बायोफीडबॅक, आणि अजिबातच आवळता येत नसेल तर हलक्या करंटचं मशीन लावतात. ज्यांना नीट जमतंय त्यांनी त्यावर पैसे घालायची गरज नाही असं माझं मत.

एक युक्ती मात्र आजपासून करा. खोकला-शिंक यायच्या आधी, वजन उचलायच्या आधी आवळून धरायचं आणि ते होऊन गेल्यावरच सोडायचं. पहिले काही दिवस आठवणच राहत नाही, शिंकून झाल्यावर आठवतं. मग अंगवळणी पडतं. यंदा डंकावर शिंका तेवढ्याच आल्या, परकर कोरडा राहिला.

वजनाचं बोललं की राग येतो, मलाही आला होता, पण पोटाचा भार कमी झाला की खरंच फरक पडतो. अमेरिकेत वजन जास्त असलेल्या बायकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला, ज्यांचं वजन सरासरी ८ टक्के उतरलं त्यांची आठवड्याची गळती जवळपास निम्म्यानं, म्हणजे ४७ टक्के, कमी झाली. ७० किलोच्या बाईला ८ टक्के म्हणजे साडेपाच-सहा किलो. करीना कपूर व्हायला कुणी सांगत नाही.

खोकला जुना असेल तर आधी तो बघा. चुलीचा धूर, मिश्री, आणि हो, बीपीची गोळी! रॅमिप्रिल, एनालाप्रिल असल्या गोळ्यांनी काही जणींना कोरडा खोकला लागतो. आमच्या आत्याबाईंचं तेच निघालं, डॉक्टरांनी गोळी बदलली आणि खोकला गेला. मनानं मात्र बंद करू नका. बद्धकोष्ठही तसंच, कुंथून कुंथून तेच स्नायू ताणले जातात.

पाणी पिणं बंद करणं ही आपली सगळ्यांची चूक. साताऱ्याहून सांगलीला एसटीनं जायचं तर बायका सकाळपासून घोट घेत नाहीत, कारण स्टँडवरच्या बाथरूमची अवस्था माहितीये. दोष आपला नाही, पण लघवी घट्ट झाली की पिशवी चिडते आणि संडासलाही कडक होतं. दिवसाला दीड-दोन लिटर ठेवा, उन्हात राबणारीनं जास्त, चहा मात्र कमी करून बघा.

व्यायामानं भागलं नाही तरी लगेच ऑपरेशन नाही. योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग मिळते, पेसरी म्हणतात, डॉक्टर माप बघून देतात, ती लघवीच्या नळीला खालून आधार देते. फक्त फिरायला जाताना, कामाच्या वेळी वापरली तरी चालते. पाळी गेल्यावर कोरडेपणा असेल तर इस्ट्रोजेनची क्रीम देतात, डॉक्टरांनाच विचारून. ड्युलोक्सेटिन नावाची गोळी काही देशांत यासाठी देतात, पण मळमळ फार होते, तो पहिला उपाय नव्हे. लेझरनं घट्ट करून देतो अशा जाहिरातींना भुलू नका, अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८ मध्येच त्याबद्दल इशारा दिलाय. आणि पॅड लावायचं तर लघवीसाठीचं घ्या, पाळीचं पॅड ओलं राहून कातडी सोलते.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, दिवसरात्र सतत गळणं, यातलं काही असेल तर घरचे प्रयोग नकोत, सरळ दाखवा. पाय किंवा खालची जागा बधिर वाटली तर त्याच दिवशी. जाताना तो तीन दिवसांचा कागद न्या, आणि निघताना सवयीनं लघवीला जाऊन येऊ नका, भरल्या पिशवीवर खोकायला लावून बघतात. मी पहिल्यांदा रिकामी करून गेले आणि मग बाटलीभर पाणी पिऊन तासभर बाहेरच्या बाकावर बसले होते.