मांडवावरचा घेवडा: आषाढात लावा, कार्तिकापर्यंत धीर धरा

मृगाचा पाऊस बरा पडून जमिनीला वाफसा आला की परसातलं पहिलं काम घेवड्याच्या आळ्यांचं. हा सल्ला मांडवावर चढणाऱ्या जुन्या घेवड्याविषयी आहे. त्याचं बी दुकानापेक्षा आजीच्या गाडग्यातून, माहेराहून नाहीतर शेजारच्या अंगणातून येतं. कुठे त्याला वाल म्हणतात, कुठे पावटा, कुठे वालपापडी. शेंगांचा आकार, रंग, चव गावागणिक बदलते, लावायची रीत मात्र सगळ्यांची जवळपास सारखीच.

नुसत्या नावाने बी मागायला गेलात तर घोटाळा होतो. श्रावण घेवडा म्हणजे फरसबी. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा हा राजम्याच्या घरातला, बुटक्या झाडाचा. पीक म्हणून दोन्ही चांगली, पण आपल्याला हवा तो वेल हा नव्हे. म्हणून बी हातात घेऊन पाहा. वालाच्या दाण्याच्या कडेला पांढरी, किंचित उठावाची रेघ असते, नखाने चाचपली तरी लागते. राजम्याच्या दाण्याला नुसता लहानसा डोळा असतो. बी देणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: मांडवावर चढतो का, आणि फुलावर कधी येतो? "दिवाळीच्या आगेमागे" असं उत्तर आलं की निर्धास्त घ्या.

वालात बुटक्या झाडाच्या सुधारित जातीही आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण भूषण, बंगळुरूच्या संस्थेची अर्का जय या जाती लवकर शेंगा देतात, मांडव मागत नाहीत, दिवस लहान होण्याची वाट पाहत नाहीत. शेतात एकदम माल काढून बाजारात न्यायचा असेल तर त्याच घ्या. घरच्या बागेचं गणित वेगळं आहे. तिथे जमीन चार हात, पण वरचं आभाळ मोकळं. चार माणसांच्या घराला एका दिवशी पाच किलो शेंगा नको असतात, चौथ्या दिवशी एका भाजीपुरत्या हव्या असतात आणि त्याही दोन-तीन महिने. हे काम उंच वेलच करतो. शिवाय उभ्याने तोडणी होते, कंबर मोडत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एवढं कारणही पुरेसं आहे.

या वेलाचा स्वभाव मात्र आधी समजून घ्यायला हवा. जुना घेवडा वयावर फुलत नाही, दिवसाच्या लांबीवर फुलतो. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. दिवस आखडू लागले आणि रात्री वाढल्या की वेलाला फुलायची वेळ कळते. तोवर तो नुसता पसरत राहतो. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. भाद्रपद संपत आला, मांडव गच्च हिरवा झाला, पण एक कळी दिसेना. खत कमी पडलं समजून मी युरिया दिला. पानं आणखी माजली. मग वांझ वेल म्हणून बुंध्यातून कापून टाकला. त्याच बियाचा वेल शेजारच्या काकूंच्या कुंपणावर होता. कार्तिकात तो जांभळ्या तुऱ्यांनी असा भरला की पान दिसत नव्हतं. तेव्हापासून मी दिवाळीपर्यंत घेवड्याला कात्री लावत नाही आणि तुम्हीही लावू नका.

याच स्वभावामुळे लावणीची वेळ महत्त्वाची ठरते. आषाढ म्हणजे जूनअखेर ते जुलैअखेर हा काळ उत्तम. भाद्रपदात लावलेला वेलही थंडीत फुलेल, पण तोवर त्याचं अंग भरलेलं नसतं, म्हणून शेंगा मूठभरच मिळतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर मुसळधार पावसात बी कुजतं, तिथे पहिला जोर ओसरू द्या आणि आळ्याऐवजी वीतभर उंचवटा करून त्यावर लावा. आणखी एक गोष्ट, शहरातल्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी: रात्रभर जळणाऱ्या रस्त्यावरच्या किंवा गेटवरच्या दिव्याखाली हा वेल लावू नका. त्याला रात्र काळोखी लागते. उजेडातल्या फांद्या फुलायला मागे राहू शकतात.

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल. वरच्या मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि मूठभर सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून खड्डा भरून घ्या. दोन खड्ड्यांत पाच-सहा फूट अंतर हवं. चार माणसांच्या घराला दोन आळी पुष्कळ होतात. बी जुनं असेल तर आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा, सहा-सातांना मोड आले तर लावायला हरकत नाही. एका आळ्यात तीन दाणे, बोटाच्या एका पेराएवढे खोल. मिळालं तर रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी धरणाऱ्या जिवाणूंचं, कल्चर गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळा आणि सावलीत सुकवून लावा.

साधारण पंचवीस दिवसांनी तीनपैकी सर्वांत अशक्त रोप काढून टाकायचं असतं. ते ओढून फेकू नका, खुरप्याने मातीसकट उचला आणि मुळं पाण्यात हलकेच धुवा. मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-तांबूस निघाली तर वेल हवेतला नत्र स्वतः घेऊ लागला आहे, त्याला वरून नत्र द्यायची गरज नाही. गाठी पांढऱ्या-हिरवट असतील किंवा नसतीलच तर बुंध्याशी घमेलंभर शेणखत द्या. युरिया तरीही नाही.

मांडव बी लावतानाच घाला. वेल वर आल्यावर घालू म्हणणाऱ्यांचा वेल पेरूवर नाहीतर कपड्यांच्या दोरीवर जातो. चार मजबूत बांबू, दोन फूट जमिनीत आणि साडेसहा फूट वर, माथ्यावर आडवे बांबू आणि त्यावर तारेची किंवा सुतळीची वीतभर घरांची जाळी. भर थंडीत या वेलाचं ओझं फार होतं, त्यामुळे काठ्या तकलादू नकोत. मांडव नसला तरी शेवग्याचं झाड, जुनं कुंपण, जिन्याची जाळी चालते. गच्चीवर चाळीस-पन्नास लिटरच्या ड्रममध्ये एक वेल छान वाढतो, फक्त ड्रमला खालून भोकं पाडा आणि पावसाची उघडीप पडली की रोज पाणी पाहा.

वेल मांडवाच्या उंचीला पोचेपर्यंत त्याला एकाच दोरीवर सरळ चढवा, खालची बगलफूट, म्हणजे पानांच्या बगलेतून निघणाऱ्या फांद्या, काढत राहा. माथ्यावर हातभर गेला की शेंडा खुडा. मग चहूकडे फांद्या फुटतात आणि फुलं याच नव्या फांद्यांवर जास्त धरतात. आश्विनात पाऊस थांबला की पाणी थोडं ताणा, माती वरून सुकलेली दिसली तरी चालेल. पहिले तुरे दिसले की पुन्हा नियमित पाणी सुरू करा. फुलावर असताना ताण पडला तर फुलं गळतात.

तुरे निघाले की मावा येतोच. काळा मावा कोवळ्या देठांवर असा दाटतो की देठ काळाच वाटतो आणि मुंग्यांची रांग लागते. पहिल्या आठवड्यात फवारणीची घाई नको. जास्त भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकीच्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारा. ढालकिडे आणि त्यांच्या करड्या, काटेरी अळ्या दिसल्या तर हात लावू नका, त्या मावाच खातात. आवरेनासा झाला तर निंबोळी अर्क: लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. सकाळी फुलांवर मधमाश्या आणि काळे भुंगे असतात, तेव्हा काहीच फवारायचं नाही. शेंगा पोखरणारी अळी फुलं जाळ्याने एकमेकांना चिकटवते किंवा शेंगेला गोल भोक पाडते, अशी फुलं-शेंगा हाताने वेचून नष्ट करा. घरच्या दोन वेलांना हेच खात्रीचं औषध. थंडीत पानांवर पांढरी भुरी आली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, उन्हाच्या वेळा टाळून. पानं पिवळी-हिरवी ठिपकेदार होऊन वेल खुरटला तर तो विषाणूरोग समजा आणि वेल मुळासकट उपटा.

तोडणी करताना शेंग देठाजवळ दोन बोटांत धरून फिरवून काढा, तुरा ओढू नका. तुऱ्याच्या दांडीवर जाडसर गाठी असतात, त्याच गाठींतून पुन्हा कळ्या निघतात. तुराच तुटला तर पुढची खेप गेली. भाजीला शेंग दाणा भरण्याआधी घ्या, नखाने मोडली की कट्टकन तुटली पाहिजे. उसळीला दाणे टचटचीत भरू द्या. वाळलेले वाल मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवूनच खायचे. बिरड्याची ही जुनी रीत चवीइतकीच पोटासाठीही आहे, तिच्यात आळस नको.

आता बियाण्याचं. बहुतेक घरी चूक इथे होते: चांगल्या शेंगा खाल्ल्या जातात आणि शेवटी उरलेल्या किडक्या-वाकड्या शेंगांचं बी ठेवलं जातं. चार वर्षांत वाण बिघडतो. पौषातच निरोगी वेलाची एक भरदार फांदी निवडा, तिला लाल चिंधी बांधा आणि तिच्यावरची एकही शेंग खाऊ नका. शेंगा वेलावरच वाळू द्या, मग सोलून तीन-चार दिवस ऊन द्या. दाणा दाताखाली दबला नाही, टणकपणे फुटला की वाळला. चाळलेली राख आणि सुकलेला कडुनिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या भांड्यात भरा. दाणे पोखरणारा भुंगा एकदा शिरला की पावसाळ्यापर्यंत पीठ करतो. दोन प्रकारचे घेवडे लावले असतील तर मांडव लांब ठेवा. परागीकरण बहुतेक फुलातल्या फुलात होतं, तरी फुलांवरचे काळे भुंगे थोडी सरमिसळ करतातच.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे कितीतरी गावरान वाण अशाच रीतीने, राख आणि मडक्यांच्या आधाराने घरच्या बीज बँकेत जपले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या घरी एकच वाण असेल, पण तोही दुसरीकडे नसण्याची शक्यता आहे, एवढं ध्यानात ठेवून भांड्यावर चिठ्ठी लावा: कुठून आलं, फुलाचा रंग, शेंगेची चव, तोडणीचं वर्ष. आणि त्यातलं मूठभर बी फाल्गुनातच आणखी दोन घरी देऊन ठेवा. एखाद्या वर्षी माझ्या बियाला भुंगा लागला तर आषाढात त्यांच्याकडून मागून आणता येतं. तीन वर्षांपूर्वी मी तसंच आणलं.