बिऱ्हाड पाठीवर, लॅपटॉप मांडीवर: कॅम्परमधून नोकरी कशी करायची

इंदिरानगरचा फ्लॅट सासूबाईंच्या ताब्यात देऊन आम्ही चौघं कॅम्परमध्ये, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या गाडीत, राहायला निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं ते ठीक आहे गं, पण विंचवाला नोकरी नसते." दीड वर्ष झालं, आता कळतंय की त्यांचं बरोबर होतं. प्रवास जमतो, नोकरीपण जमते, दोन्ही एकाच दिवशी जमत नाही. त्यामुळे पहिला नियम हाच ठेवा, कामाच्या दिवशी गाडी हलणार नाही. आम्ही शनिवारी पहाटे निघतो, रविवारी दुपारपर्यंत पोचतो आणि मग निदान आठवडाभर, शक्यतो दोन आठवडे तिथेच. सुरुवातीला रोज नवीन जागा करत होतो, सकाळी गाडी, दुपारी काम, रात्री भांडी, तिसऱ्या आठवड्यात मी आणि नवरा एकमेकांशी फक्त टाकीत पाणी किती उरलंय एवढंच बोलत होतो.

एकदम लांब जाऊ नका. आधी नाशिकच्या आसपासच दोन-तीन आठवडे काढा, गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या शेतावर, मग भंडारदरा, मग पुढे. काही बिघडलं तर तासा-दोन तासात घरी येता येतं, आणि बिघडतंच.

इंटरनेटचं नीट सांगते कारण तिथेच माझी फजिती झाली. भंडारदऱ्याला शुक्रवारी सकाळी पोचून स्पीड बघितला, मस्त होता, खुश झाले, आणि संध्याकाळी वीकेंडची पब्लिक आल्यावर टॉवर असा तुंबला की ऐन रिलीजच्या कॉलवर माझा चेहरा गोठून बसला. तेव्हापासून स्पीड आपल्या शिफ्टच्या वेळेलाच बघते आणि डाउनलोडपेक्षा अपलोड बघते, व्हिडिओ कॉलला २-३ एमबीपीएस अपलोड सलग मिळालं तर काम होतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम्स हवीतच, दोन सिम घेणारा राउटर घ्या, आणि गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो म्हणून अँटेना टपावर बाहेर लावून घ्या. जागा बुक करण्याआधी मालकाला "नेटवर्क येतं का" विचारू नका, सगळे येतं म्हणतात. "तुमच्याकडे व्हिडिओ कॉल कुठे उभं राहून करता" असं विचारा, मग खरं कळतं.

शिफ्ट कोणाबरोबर आहे त्यावर सगळं घर फिरतं. माझा क्लायंट लंडनचा, उन्हाळ्यात दुपारी दीडला बसते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे गेलं की अडीचला. म्हणजे सकाळ पोरांची आणि माझी. नवरा फ्रीलान्स डिझाइन करतो, तो पहाटे पाच ते नऊ आणि मग पोरं झोपल्यावर. अमेरिकेची शिफ्ट असेल तर मात्र विचार करा, गाडीत दुसरी खोली नसते, रात्री अकराला तुम्ही बोलताय आणि दोन फुटांवर लेकरू झोपलंय, हे रोज नाही जमत. आम्ही ड्रायव्हरच्या मागे जाड पडदा लावलाय, पडदा ओढला की आई ऑफिसला गेली. पाच वर्षांच्या धाकट्याला हे कळायला महिना लागला, नवऱ्याला थोडा जास्त.

आता विजेचा हिशोब. दोन लॅपटॉप दिवसभर धरले तर साधारण पाऊण ते एक युनिट, १२ व्होल्टचा छोटा फ्रिज अर्धं, राउटर, पंखे, दिवे मिळून अजून अर्धं, म्हणजे रोज दोन युनिटच्या आसपास. १२ व्होल्टची २०० एएच (अँपिअर-अवर) लिथियम बॅटरी अडीच युनिट साठवते, टपावरचं ४०० वॅटचं सोलर चांगल्या उन्हात दीडेक युनिट देतं. उरलेलं गाडी चालताना इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरून भरून घ्या, नाहीतर शेतमालकाकडून वायर ओढा आणि युनिटप्रमाणे पैसे द्या, संकोच करू नका. लॅपटॉप शक्यतो १२ व्होल्टवरच चार्ज करा, इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी वीज खातो. एसीचा नाद सोडा, एक टनाचा एसी बॅटरी दोन-तीन तासात संपवतो. आणि मे महिन्यात गाडी झाडाखाली लावली तर सोलर उपाशी, उन्हात लावली तर आपण भाजतो, त्यामुळे लांब वायरीचं एक घडीचं पॅनेल वेगळं ठेवलंय. तरी खरा उपाय म्हणजे थंड उंचावर जाणं, उन्हाळ्यात आम्ही सापुताऱ्याला सरकतो, नाशिकपासून ऐंशीएक किलोमीटर.

पावसाळ्यात इगतपुरीची हौस एकदा केली. ढगात सोलर जवळजवळ बंद, गावाची लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही गेला, आणि कपडे चार दिवस ओलेच. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथा सोडा आणि पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे कमी पावसात राहा.

मोठीची शाळा एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, चालू आहे, त्यांच्या मुक्त बेसिक शिक्षणात ए, बी, सी लेव्हल तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या असतात. रोज सकाळी दोन तास, त्याच्यावर नाही. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला दोन आठवडे राहिलो, २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली ती, तिथे तिने पक्ष्यांची वही केली ती मला तरी कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा बरी वाटते. फक्त तिला मैत्रिणींची आठवण येते, त्यावर अजून माझ्याकडे उत्तर नाही.

कागदपत्रं पटकन. आम्ही फोर्स ट्रॅव्हलर या मोठ्या व्हॅनचा कॅम्पर बनवून घेतला, बनवण्याआधी आरटीओत विचारा आणि नंतर आरसीवर बदलाची नोंद करून घ्या, नाहीतर अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. मॅनेजरला खरं सांगून टाका, लपवाल तर एक दिवस व्हिडिओ कॉलवर मागे म्हैस येते. गॅस पाच किलोचा छोटा सिलिंडर, खिडकी उघडी ठेवूनच. पाणी शंभर लिटर चौघांना तीन-चार दिवस पुरतं, आंघोळ तांब्याने केली तर.

आणि दर दोन महिन्यांनी नाशिकला या. सर्व्हिसिंग, दाताचा डॉक्टर, चादरी, आणि माणसं. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, तेव्हा एवढं मोठं धूड शहरात आणायचा वेडेपणा करणार नाही, सिन्नरला लावून एसटीने येऊ. सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय, गाडी तिकडे ठेवा, तुम्हीपण तिकडेच राहिलात तरी चालेल, नातवंडं तेवढी पाठवा.