दोन पोकेमॉनमधला टीममध्ये कुठला घ्यायचा? तुलना कशी करायची ते सांगतो

गार्चॉम्प भारी की ड्रॅगनाइट असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, कशासाठी हवाय? कारण दोघांच्याही बेस स्टॅटची (एचपी म्हणजे जीव, अटॅक, डिफेन्स, स्पीड अशा मूळ ताकदीच्या आकड्यांची) बेरीज 600 आहे आणि त्या बेरजेवरून काहीच ठरत नाही. स्लेकिंगची बेरीज 670 आहे, पण ट्रुअंट ॲबिलिटीमुळे (ॲबिलिटी म्हणजे पोकेमॉनचा अंगचा गुण) तो एक टर्न आड नुसता बसून राहतो, म्हणजे त्याच्या हल्ल्याच्या टर्नला समोरचा प्रोटेक्ट (हल्ला अडवणारी मूव्ह) वापरतो आणि बसलेल्या टर्नला निवांत सेटअप करतो, म्हणजे स्वतःचे स्टॅट वाढवतो. उलट अझुमारिल बघा, बेरीज 420, अटॅक फक्त 50, पण ह्यूज पॉवरने अटॅक डबल होतो, त्यामुळे लेव्हल 100 ला पूर्ण ईव्ही (ट्रेनिंगचे पॉइंट, एका स्टॅटला जास्तीत जास्त 252) आणि अडमंट नेचर (अटॅक वाढवणारा स्वभाव) दिलं की 218 चा 436 होतो आणि त्याच हिशोबाने गार्चॉम्पचा भरतो 394. त्यामुळे स्टॅट बघताना ॲबिलिटी सोबतच धरायची, सुटी नाही.

आता मुख्य गोष्ट. टीममध्ये जागा सहाच असतात, म्हणून "हा चांगला आहे का" हा प्रश्नच अर्धवट आहे, पूर्ण प्रश्न असा की जे काम मला करून घ्यायचंय ते याच्यापेक्षा चांगलं दुसरं कोणी करतं का. म्हणजे तुलना नेहमी एकाच कामासाठी उभ्या असलेल्या दोघांची करायची. फ्लायगॉन आणि गार्चॉम्प ही त्यासाठी सगळ्यात चांगली जोडी, दोघंही ड्रॅगन आणि ग्राउंड प्रकारचे, दोघांनाही आइस प्रकारचा हल्ला चौपट लागतो, दोघांचंही मुख्य हत्यार अर्थक्वेक. दोघांना जॉली नेचर (स्पीड वाढवणारं) आणि अटॅक-स्पीडमध्ये 252-252 ईव्ही दिले तर, गार्चॉम्पचा आकडा आधी धरून, स्पीड 333 विरुद्ध 328, अटॅक 359 विरुद्ध 299, एचपी 357 विरुद्ध 301. कागदावर फ्लायगॉन सगळीकडेच मागे, पण फरक किती पडतो ते नुसत्या आकड्यांवरून कळत नाही, समोर कोणीतरी उभं करून बघावं लागतं.

समोर टॉक्सापेक्स हा मार सोसणारा पोकेमॉन ठेवा, एचपी आणि डिफेन्सचे ईव्ही पूर्ण, डिफेन्स वाढवणारं बोल्ड नेचर, हातात दर टर्नला थोडा एचपी परत देणारा ब्लॅक स्लज. त्याचा एचपी 304. गार्चॉम्पचा अर्थक्वेक त्याला 176 ते 210 लागतो, फ्लायगॉनचा 146 ते 174. आता टॉक्सापेक्स रिकव्हर मारतो तेव्हा अर्धा एचपी म्हणजे 152 परत मिळतात आणि ब्लॅक स्लजचे 19, झाले 171. म्हणजे गार्चॉम्पसमोर तो प्रत्येक टर्नला खालीच जाणार, कमीत कमी डॅमेज आला तरी, आणि फ्लायगॉनसमोर मात्र बहुतेक वेळा तो रिकव्हर मारत बसू शकतो, तुम्हाला क्रिटची (नशिबाने जास्त जोरात लागणाऱ्या हल्ल्याची) वाट बघावी लागते. अटॅकमधला 60 चा फरक इथे भिंत तुटते की नाही इतका मोठा होतो! म्हणून डॅमेज कॅल्क्युलेटर उघडल्याशिवाय तुलना करूच नका, आणि कॅल्क करताना समोर तेच पोकेमॉन ठेवा जे तुमच्या फॉरमॅटमध्ये (ज्या नियमांनी तुम्ही खेळता त्यात) रोज भेटतात.

मग फ्लायगॉन बाद का? नाही, त्याच्याकडे काय आहे जे गार्चॉम्पकडे नाही ते बघा. लेव्हिटेटमुळे ग्राउंड मूव्ह लागत नाहीत, स्पाइक्स (आत येणाऱ्याला लागणारे जमिनीवरचे काटे) लागत नाहीत, आणि यू-टर्न (हल्ला करून लगेच दुसऱ्याला आत आणणारी मूव्ह) मारून तो निघून जाऊ शकतो. तुमच्या टीमला अर्थक्वेकवर आत येऊन यू-टर्नने गती टिकवणारा कोणी हवा असेल तर तो कामाचा आहे, पण नुसता जोरात मारायला घेतला असेल तर ती जागा गार्चॉम्पची.

इथेच दुसरी गोष्ट येते जी लोक हमखास विसरतात. चौथ्या जनरेशनमध्ये (गेमच्या चौथ्या पिढीत) गार्चॉम्पला स्मोगनच्या (बॅटलचे नियम आणि टियर म्हणजे वर्ग ठरवणारी चाहत्यांची साइट) ओयू या मुख्य टियरमधून काढून उबर्समध्ये (फार ताकदवान पोकेमॉनच्या टियरमध्ये) टाकलं होतं आणि त्याच जनरेशनला फ्लायगॉन ओयूमध्ये होता. पुढच्या जनरेशनमध्ये फ्लायगॉन खालच्या टियरमध्ये गेला आणि त्याचे बेस स्टॅट तेच होते. सोबत आणि समोर कोण आहे ते बदललं की किंमत बदलते, म्हणून तुमच्या फॉरमॅटमध्ये काय बॅन आहे ते आधी वाचा, आणि जुन्या जनरेशनचा सेट (मूव्ह, आयटम, ईव्हीची मांडणी) आजच्या लॅडरवर (ऑनलाइन रँकिंगच्या बॅटलमध्ये) तसाच उचलू नका.

टियरचंही तेच. ओयू आणि त्याखालचे यूयू, आरयू हे वापरावरून ठरतं, 15 बॅटलमध्ये एकदा तरी समोर यायची शक्यता 50 टक्के असेल म्हणजे साधारण 4.52 टक्के वापर असेल तर तो ओयू. यात लोक काय वापरतात ते कळतं, काय चालतं ते थेट कळत नाही. त्यासाठी एस, ए, बी अशा ग्रेडच्या व्हायबिलिटी रँकिंग (कोण किती उपयोगी याच्या याद्या) वेगळ्या असतात, त्या वाचा पण ग्रेडपेक्षा खाली लिहिलेलं कारण वाचा.

मग खर्च मोजा, म्हणजे हा पोकेमॉन चालवायला बाकीच्यांकडून काय लागतं. व्होल्कारोना बग आणि फायर आहे, त्याला रॉक चौपट लागतं, म्हणून स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला लागणारे दगड) पडलेले असतील तर आत येतानाच अर्धा एचपी जातो. 2019 ला सोर्ड आणि शील्ड या गेममध्ये हेवी-ड्यूटी बूट्स (अशा दगड-काट्यांपासून वाचवणारा आयटम) आले तोपर्यंत तो घेतला की रॉक साफ करणारा एक घ्यावाच लागायचा, म्हणजे एकासाठी दोन जागा. आता बूट्स दिले तर जागा वाचते, पण आयटम तिथेच खर्च होतो. तुलना करताना ही जास्तीची जागा किंवा आयटम त्याच्याच खात्यात लिहायचा.

आणि डबल्स (दोन्हीकडून एकाच वेळी दोन-दोन पोकेमॉन) खेळत असाल तर पाचिरिसू आठवा. 2014 ला वॉशिंग्टन डीसीमध्ये सेजुन पार्कने वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा त्याच्या टीममध्ये तो होता, बेरीज फक्त 405, अटॅक 45. फॉलो मी लावला की हल्ले त्याच्याकडे वळतात, त्यात इलेक्ट्रिक मूव्ह आली तर व्होल्ट ॲब्सॉर्बने त्याचा एचपी उलट वाढतो आणि शेजारचा, इलेक्ट्रिकला कच्चा असलेला ग्याराडोस वाचतो. सुपर फँग समोरच्याचा उरलेला एचपी अर्धा करते, तिला अटॅक लागतच नाही. त्या टीममध्ये नेमकं हे सगळं एकट्याने करणारा हवा होता आणि म्हणून तो बसला, तोच उचलून भलत्या टीममध्ये टाकला तर त्याच 405 चा त्रास होतो.

कॅल्क झालं की दोन्ही पोकेमॉन त्याच टीममध्ये, त्याच जागी, बाकी पाच न बदलता खेळवून बघा. रिप्ले सेव्ह करा आणि बघताना जिंकलो की हरलो ते सोडून एवढंच शोधा, हा आत आला तेव्हा त्याने ठरवलेलं काम केलं का, आणि त्या टर्नला दुसरा असता तर काय झालं असतं.