गर्भनिरोधक गोळ्यांचे दुष्परिणाम: या चुका टाळा

माला-डी किंवा माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने मळमळ, स्तनांत दुखरेपणा, डोकेदुखी आणि मधेच डाग लागणे असे त्रास बऱ्याच जणींना होतात, आणि शरीर गोळ्यांतल्या संप्रेरकांना (हार्मोन्सना) सरावले की ते बहुधा आपोआप ओसरतात. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नेमके याच काळात, दुसरे कोणतेही साधन हाताशी नसताना, पाकीट अर्धवट टाकून देणे. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, आणि गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी लगेच घ्यावी.

डाग लागण्याचे खापर गोळीवर फुटते, पण कित्येकदा कारण विसरलेली गोळी हे असते. एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. ओळीने दोन किंवा अधिक राहिल्या तर एक लगेच घेऊन पुढच्या रोजच्या वेळी चालू ठेवाव्यात आणि सात दिवस निरोध वापरावा. हे तिसऱ्या आठवड्यात घडले तर संप्रेरकांच्या पांढऱ्या गोळ्या संपताच, लोहाच्या गोळ्या वगळून, नवे पाकीट सुरू करावे. एरवी पाकिटातल्या 28 गोळ्यांपैकी शेवटच्या 7 लोहाच्या असतात. त्यांनी शौचाला काळे होते म्हणून काही जणी घाबरून त्या फेकून देतात. काळे होण्यात धोका नाही. धोका आहे तो त्या नादात नवे पाकीट दोन-चार दिवस उशिरा उघडण्यात. पाळी थांबलेली असो वा नसो, अठ्ठाविसाव्या गोळीच्या दुसऱ्या दिवशी नवी पहिली गोळी घ्यायची असते.

याच्या अगदी उलट चूकही होते, ती म्हणजे गंभीर लक्षणाला किरकोळ समजणे. माला-डी, माला-एनसारख्या, इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वर्षभरात दर दहा हजार स्त्रियांमागे गोळ्या न घेणाऱ्यांत साधारण 1 ते 5 जणींना, तर घेणाऱ्यांत 3 ते 9 जणींना हा त्रास होतो. गरोदरपणात तो 5 ते 20 जणींना होतो, हेही ध्यानात ठेवावे. म्हणजे धोका थोडा, पण खरा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर ती बाम लावून चोळत बसू नये. छातीत दुखणे, अचानक धाप लागणे, कधी न अनुभवलेले तीव्र डोके दुखणे, नजर किंवा बोलणे अडखळणे, पोटात असह्य वेदना किंवा कावीळ यांपैकी काहीही झाले तर ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून वाट न पाहता गोळी थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि आपण कोणती गोळी घेतो हे तिथे आधी सांगावे. घाईत हेच सांगायचे राहून जाते.

खरे तर यातला बराचसा धोका पहिल्या दिवशीच टाळता येतो. शेजारणीला चालली म्हणून तीच गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नये. आधी रक्तदाब मोजून घ्यावा. रक्तदाब जास्त असणाऱ्या, पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, बाळ सहा महिन्यांचे होण्याआधी अंगावर पाजणाऱ्या आणि अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसणाऱ्या स्त्रियांना या गोळ्या सहसा देत नाहीत. क्षयावरचे रिफाम्पिसिन, फिटांवरची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात, म्हणून ती चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी हार्मोनची नाही. वरचे नियम तिला लावू नयेत.

दर तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनबाबत घोटाळा वेगळा असतो. त्याने पाळी अनियमित होते, पुढे अनेकींची थांबतेही, आणि ‘घाण आत साठते’ या भीतीने पाळी आणण्याची औषधे घेतली जातात. गर्भाशयाचे अस्तर वाढतच नसल्याने साठण्यासारखे काही नसते. मात्र तीन महिन्यांची मुदत उलटून बराच काळ गेला असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी गर्भधारणा चाचणी करावी. इंजेक्शन थांबवल्यावर गर्भधारणेला शेवटच्या मात्रेपासून साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, त्यामुळे वर्षभरात मूल हवे असणाऱ्या जोडप्याने ते घेण्याआधीच याचा हिशेब करावा.