बोरिवलीहून ठाण्याला दादर न गाठता

बोरिवली, कांदिवली, मालाडकडून मुलुंड-ठाण्याला जायचं तर बरेच जण अजूनही दादरला उतरून गाडी बदलतात. म्हणजे आधी खाली दक्षिणेला जायचं आणि तेवढंच पुन्हा वर यायचं, शिवाय दादरच्या पुलावरची गर्दी. २०१४ पासून मेट्रो १ आहे, तिचा उपयोग करा.

१. लोकलने अंधेरीला उतरा आणि पुलावरूनच मेट्रो स्टेशनात जा.

२. घाटकोपरकडे जाणारी मेट्रो घ्या, शेवटपर्यंत बसा.

३. घाटकोपरलाही पुलावरून थेट रेल्वे स्टेशनात जाता येतं. तिथून ठाण्याची स्लो लोकल पकडा. मध्ये विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मुलुंड एवढीच स्टेशनं आहेत. संध्याकाळी कल्याण-कर्जतच्या फास्ट गाडीत घुसायचा हट्ट करू नका, त्यात चढणंही मुश्कील आणि ठाण्याला उतरणंही.

घर हायवेच्या बाजूला, मागाठाणे किंवा पोईसरकडे असेल तर अंधेरी स्टेशनही नको. मेट्रो ७ ने गुंदवलीला या, पादचारी पुलावरून वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशनात जा आणि तिथून मेट्रो १ घ्या. लहान मुलं किंवा वयस्क माणसं सोबत असतील तर मी हाच रस्ता सुचवेन.

एक मात्र सांभाळा: बोरिवली ते ठाणे असं एकच रेल्वे तिकीट काढू नका. बोरिवली-अंधेरी आणि घाटकोपर-ठाणे अशी दोन वेगळी तिकिटं लागतात, मेट्रोचं तिसरं.